तोडकरी साहेबांची सीडी

मन्मथ तोडकरी मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. संस्थेतली जुनी माणसं भेटली की कुणीतरी म्हणतंच, "काही म्हणा, माणूस हुशार होता." हुशार होतेच. आमच्याकडे लोक 'इमेल' म्हणायचं की 'ईमेल' म्हणायचं यावरच अडून बसले होते, त्या काळात या माणसानं संस्थेच्या सगळ्या शाखांत टपालाचे सर्व्हर उभे केले, तेही बीडची खुर्ची न सोडता. पण त्या हुशारीच्या शेजारच्या टेबलावर मी काही वर्षं काढली आहेत. हुशारी लांबून बघणं निराळं आणि रोज तिला तोंड देणं निराळं.

आमची संस्था मोठी. हायस्कुलं, महाविद्यालयं, दूध शीतकरण केंद्रं, पतपेढीच्या शाखा, सगळं एकाच छत्राखाली, आणि छत्राचा दांडा दादासाहेबांच्या हातात. दादासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. जग खुलं झालं म्हणायचे ते दिवस होते. बीडला बार्शी नाक्यावर एसटीडी बूथला लागून कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती आणि डिप्लोमा केलेल्या माझ्यासारख्या मुलीला घराबाहेर नोकरी मिळत होती. दादासाहेब पुण्याला एका कारखानदाराकडं गेले, तिथं त्यांनी संगणकातून एका टेबलावरचं पत्र दुसऱ्या टेबलावर जाताना पाहिलं, आणि परत येऊन म्हणाले, "आपल्यात बी हे पायजे. कड्याचं पत्र बीडला यायला एसटीच्या कंडक्टरच्या हातापाया किती दिस पडायचं?"

तेव्हा प्रत्येक शाखेत दिवसभर इंटरनेट चालू ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून असं ठरलं की शाखेत एक संगणक फक्त टपालासाठी ठेवायचा. शाखेतली पत्रं तो गोळा करील आणि ठरल्या वेळी मोडेमनं बीडला फोन लावून देवाणघेवाण करील. यालाच आम्ही सर्व्हर म्हणायचो. असे सर्व्हर बसवायचं काम साजिद काझीकडं होतं.

काझी आमच्या खोलीतला सगळ्यात मोकळा माणूस. जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात फ्लॉपी, खालच्या कप्प्यात भाकरी, अशा थाटात एसटीनं गावोगाव फिरायचा. वडवणीला बाजाराच्या दिवशी गेला तर येताना वांगी घेऊन यायचा आणि खोलीत वाटायचा. एका शाखेला त्याचा अख्खा दिवस लागायचा. संगणक प्रश्न विचारत राहायचा, काझी उत्तरं देत राहायचा. मध्येच वीज जायची, मग पुन्हा पहिल्यापासून. शाखेतले लोक त्याला जेवू घालायचे, मुलांच्या दहावीचं विचारायचे. पण काझीचे सर्व्हर एकासारखे एक नव्हते हे खरं. कुठं नाव शाखेचं, कुठं शाखाधिकाऱ्याच्या लेकीचं. एखादा बंद पडला की काझीलाच आठवावं लागायचं, आणि काझी तेव्हा नेमका धारूरच्या गाडीत असायचा.

अशात तोडकरी आले. मूळचे चौसाळ्याचे, वडिलांचं तिथं हायवेवर किराण्याचं दुकान. पुण्याच्या एका कंपनीत काही वर्षं काढून आले होते. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, शर्टाची बाही मनगटापर्यंत बंद, आणि हातात कापडी पिशवी. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून स्वतःचा कीबोर्ड काढला, आमचा काढून खाली ठेवला आणि स्पिरिटच्या बोळ्यानं टेबल पुसलं. आम्ही नमस्कार करायला उभे होतो. ते म्हणाले, "बसा. आन् माझ्या मशीनला कुणी हात लावायचा न्हाई."

हे वाक्य मग रोजचंच झालं. पुरुषांना 'बे', मला 'बाई'. चहा स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात, बिनदुधाचा. तो ओतताना शिपायानं पेल्याच्या काठाला बोट लावलं तर ते पेला न बोलता खिडकीतून रिकामा करायचे. कुणी आजारी पडून रजेचा अर्ज दिला तर अर्ज वाचायच्या आधी म्हणायचे, "माणूस म्हणलं की हेच." माणूस म्हणलं की हेच! लाईट गेली, फोन कापला, कारकून उशिरा आला, सगळ्याला हेच. संगणक बिघडला तर मात्र त्याच्यासमोर बसून लहान लेकराला विचारावं तसं विचारायचे, "काय झालं रे तुला?" त्या आवाजात ते आमच्याशी एकदाही बोलले नाहीत.

काझीचा पाणउतारा त्यांनी सगळ्यांसमोर केला. महिन्याची बैठक होती. तोडकरींनी काझीला उभं केलं आणि म्हणाले, "सर्व्हर बसवताना मशीन काय काय इचारती ते सांग बे."

काझी हसत सांगू लागला. "भाषा कोणती, साहेब. मग डिस्कचे भाग किती. मग नाव. मग घड्याळ..."

"आन् तू काय सांगतो?"

"जे असंल ते."

"दर शाखेत तेच ना? भाषा तीच, घड्याळ तेच. मग तू कशाला जातो? वांगी आणाय?"

कुणीतरी हसलं. काझीही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

"मशीन इचारती, माणूस सांगतो," तोडकरी म्हणाले. "रोज तेच इचारती, रोज तेच सांगतो. मी ह्यातला माणूस काढून टाकणार हाय."

आणि त्यांनी खरंच काढला. पुढचे कित्येक आठवडे ते कुणाशी बोलले नाहीत. सगळ्या प्रश्नांची सगळी उत्तरं त्यांनी आधीच लिहून एका सीडीत बसवली. सीडी घालायची, बटण दाबायचं आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत डिस्क साफ झालेली, सर्व्हर बसलेला, शाखेचं नाव ठरलेल्या पद्धतीनं पडलेलं. आणि शेवटी त्या सर्व्हरनं आपणहून बीडला फोन लावून पहिलं पत्र पाठवायचं, की मी तयार आहे.

पहिला प्रयोग वडवणीला केला. सीडी घेऊन काझीलाच पाठवलं, पण ताकीद अशी की त्यानं खोलीत पाऊल टाकायचं नाही. शाखाधिकारी सीडी घालतील, काझीनं ओट्यावर बसायचं. काझीनं नंतर मला सांगितलं, "बाजारचा दिवस होता. येणारा जाणारा प्रत्येक जण इचारी, काझीभाई, आज बाहेर कावून बसले? काय सांगू? म्हणलं, आत माझ्या जागी सीडी हाय."

इकडं बीडला मोडेम किंचाळला आणि तोडकरींच्या पडद्यावर वडवणीचं पत्र आलं. ते उठून उभे राहिले. मला वाटलं आता तरी काही बोलतील. त्यांनी शर्टाच्या बाह्या ओढून नीट केल्या आणि मला म्हणाले, "बाई, पन्नास कॉप्या काढा."

मी कॉप्या काढू लागले. त्याच सुमारास काझीनं त्यांना एक गोष्ट सांगितली. मी तिथंच होते, म्हणून शब्द न् शब्द ध्यानात आहे.

"साहेब, सगळं झ्याक हाय. पण एक सवाल तेवढा राहू द्या. डिस्क पुसायच्या आधी मशीननं इचारावं, पुसू का? बस, एवढंच."

"कावून?"

"शाखेत काय काय असतंय ते आपल्याला इथं बसून दिसत न्हाई."

"एक प्रश्न ठेवला की उत्तर द्यायला एक माणूस ठेवावा लागतो," तोडकरी म्हणाले. "मग तू जाशील पुन्हा डबा घेऊन. तेच पायजे ना तुला?"

पुढच्या महिन्यात त्याची बदली आवक-जावक विभागात झाली. फिरतीची नोकरी केलेला माणूस जिन्याखालच्या खोलीत पाकिटांवर शिक्के मारू लागला.

सीड्या जीपमधून गावोगाव गेल्या. सोबत छापील सूचना होती: मशीनमध्ये सीडी घाला, चालू करा, हात लावू नका. शाखांमागून शाखांची पत्रं येऊ लागली. दादासाहेबांनी तोडकरींना शाल-श्रीफळ दिलं. भाषणात म्हणाले, "आमचा मन्मथ बीडात बसून बटण दाबतो आन् आष्टीला काम व्हतंय." टाळ्या झाल्या. खरं तर बटण आष्टीचा माणूस दाबत होता, पण ते कुणी बोललं नाही.

मग कड्याची पाळी आली.

कड्याला संस्थेचं हायस्कूल. तिथल्या मुख्याध्यापिका लोमटे बाई. शाळेचा रौप्यमहोत्सव जवळ आला होता आणि बाईंनी स्मरणिका काढायचं मनावर घेतलं होतं. मुलांना घेऊन त्या वस्त्यांवर, वाड्यांवर हिंडल्या. शाळा पहिल्यांदा कुणाच्या गोठ्यात भरली, पहिली मुलगी शाळेत आली तेव्हा गाव काय म्हणालं, दुष्काळात खडी फोडून आलेली पोरं संध्याकाळी कशी शिकली, हे सगळं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकून, त्यांच्याच बोलीत, त्यांनी शाळेच्या संगणकावर उतरवलं. वर्षभराचं काम. सांगणाऱ्यांतले काही जण मधल्या काळात वारलेही.

टपालासाठी नवीन संगणक खोक्यातच होता. कारकुनानं सूचना वाचली: मशीनमध्ये सीडी घाला. त्याच्यासमोर मशीन म्हणून जे होतं, त्यालाच मोडेम जोडून त्यानं त्यात सीडी घातली. सूचनेत कोणतं मशीन ते लिहिलेलं नव्हतं, कारण शाळेत दोन मशीन असतील हे तोडकरींच्या डोक्यातच आलं नव्हतं. सीडीनं काही विचारलं नाही. कारकून चहाला गेला. बीडला मोडेम किंचाळला आणि कड्याचं पत्र आलं.

बाईंनी एक प्रत फ्लॉपीवर ठेवली होती. ती फ्लॉपी उघडलीच नाही.

दोन दिवसांनी लोमटे बाई स्वतः बीडला आल्या. ठेंगणी, काटक बाई, डोक्यावरून पदर, खांद्याला शबनम. त्या आरडाओरडा करतील म्हणून आम्ही सगळे कामात डोकं घालून बसलो. त्या तोडकरींच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. तोडकरींनी बसा म्हटलं नाही.

"मी कड्याची लोमटे."

"माहीत हाय. तुमच्या कारकुनानं चुकीच्या मशीनमधी सीडी घातली."

"घातली. त्याला मी बोलले. तुम्हाला एकच विचारायला आले आहे. पुसायच्या आधी विचारलं का नाही?"

तोडकरींनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. "मॅडम, इचारलं असतं तर तुमच्या कारकुनानं हो म्हणलं असतं. माणसं न वाचता हो म्हणतेत. मी लई बघितलंय."

खोटं नव्हतं ते. त्या कारकुनाला मी ओळखत होते, तो खरंच हो म्हणाला असता. पण खरं बोलून एखाद्याला इतकं दुखवता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

लोमटे बाई म्हणाल्या, "म्हणाला असता. मग चूक आमची झाली असती, आणि आम्ही ती पोटात घातली असती. तुम्ही आम्हाला चुकायची जागासुद्धा ठेवली नाही हो."

"पुन्हा टाईप करा," तोडकरी म्हणाले.

"सांगणारे मेले," बाई म्हणाल्या, आणि निघून गेल्या. जिन्याखाली काझीच्या खोलीत त्या बराच वेळ बसल्या होत्या. काझीनं त्यांना चहा पाजला, कड्यावरून जाणाऱ्या नगरच्या गाडीपर्यंत पोचवलं.

मला वाटलं होतं, आता सीडीत तो एक प्रश्न येईल. आला नाही. सूचनेच्या कागदावर मात्र एक ओळ वाढली: 'नवीन' मशीनमध्ये सीडी घाला. बस. त्या दिवसापासून मी तोडकरींना नमस्कार करायचं सोडलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल.

यानंतर जे झालं त्यामुळं माझा राग निवळला असता तर गोष्ट सोपी झाली असती.

सगळ्या शाखा झाल्या. शिक्षक एकमेकांना पत्रं पाठवू लागले, आणि अर्थातच ती सगळी दादासाहेबांच्या कौतुकाची नव्हती. पगार अडवल्याच्या, बदल्यांच्या तक्रारी गावोगाव फिरू लागल्या. त्यांत पुढाकार लोमटे बाईंचा होता. दादासाहेबांच्या कानावर गेलं. एका दुपारी ते आमच्या खोलीत आले. अध्यक्ष स्वतः जिना चढून येत नसत. मी उठून जाऊ लागले तर म्हणाले, "बस गं पोरी," आणि मला विसरून गेले.

"मन्मथ, लई ग्वाड काम केलंस. आता एवढं कर. हे जे पत्र जातंय इकडून तिकडं, त्याची एक एक कॉपी माझ्याकडं आली पायजे. कुणाला कळायला नको. सीडीत बसतंय का हे?"

"बसतंय."

"मग बसव."

"न्हाई," तोडकरी म्हणाले.

दादासाहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणलास?"

"न्हाई बसवणार. सर्व्हर पत्र पोचवतो. मधी कुणी हात घालायचा न्हाई. तुमी बी न्हाई."

"संस्था कुणाची हाय?"

"तुमची. सर्व्हर माझे हायत."

दादासाहेब हसले. त्यांचं हसू ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माहीत आहे की त्याचा अर्थ काय होतो. म्हणाले, "सगळ्या शाखांत बसले ना सर्व्हर? आपोआप चालतेत ना? मग आता तुझं काय काम हाय, मन्मथ?"

आपण काय बांधून ठेवलं आहे ते तोडकरींना त्या क्षणी कळलं असावं. काझीला काढताना जो हिशोब मांडला होता, तोच दादासाहेबांनी त्यांच्यासमोर मांडला होता.

त्यांनी माफी मागितली नाही, रदबदलीही केली नाही. आठवडा संपायच्या आत त्यांना नारळ मिळाला. जाताना त्यांनी कीबोर्ड स्पिरिटनं पुसला, पिशवीत घातला आणि कुणाचाही निरोप न घेता जिना उतरले. काझी जिन्याखालच्या दारात उभा होता. "साहेब, स्टँडपर्यंत सोडू का? गाडी हाय," तो म्हणाला. काझीच्या जागी मी असते तर तोंड फिरवलं असतं. तोडकरी थांबले, त्याच्याकडं बघितलं, आणि "नको बे" म्हणून उन्हात चालत निघाले.

दादासाहेबांनी मग आपल्या भाच्याला आणून बसवलं, कॉप्यांचं काम करायला. त्यानं ती सीडी उलगडायचा पुष्कळ प्रयत्न केला. तोडकरींनी ती अशी बंदिस्त केली होती की एक गोष्ट हलवली की सगळं कोसळायचं. भाच्यानं दोन शाखा बंद पाडल्या आणि नाद सोडला. शिक्षकांची पत्रं कुणी वाचली नाहीत. पुढं ते सगळे मिळून दादासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, अडवलेले पगार सुटले, आणि लोमटे बाई कड्यातच राहून निवृत्त झाल्या.

मी एकदा त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे वाचवलं म्हणायचं त्यानं मला?"

"तुमच्यासाठी नाही वाचवलं, बाई. त्याला कुणाचा हात खपत नव्हता, एवढंच."

"तेही असेल," त्या म्हणाल्या. "पण एखादा दरवाजा कुणासाठी का बंद केला असेना, आत आपण असलो तर वाचतो. ते मी मानते. माझ्या म्हाताऱ्यांचं मात्र त्याला माफ नाही करणार."

मीही नाही केलं. लोक म्हणतात, तत्त्वाचा माणूस होता. मला तत्त्व दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की काझीला, लोमटे बाईंना आणि दादासाहेबांना त्यांनी एकाच मापानं मोजलं. त्यातल्या एका वेळेला माप बरोबर पडलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते वडवणीला, एका लग्नात. बऱ्याच वर्षांनी. उन्हाळ्याचं लग्न, पंगत उठली होती आणि मी हात धुवायच्या नळापाशी रांगेत उभी होते. माझ्या पुढचा माणूस वळला तर तोडकरी. केस पांढरे झालेले, विभूती तशीच, गालफडं बसलेली. चौसाळ्याला वडिलांचं दुकान चालवतात असं कानावर होतं. त्यांनी मला ओळखलं असावं, कारण ते नळ सोडून तिथंच उभे राहिले.

"मुख्य कार्यालयात होता ना तुमी?"

"हो."

"हं." मग नळाकडं बघत, "त्या कड्याच्या बाई. त्यांचं ते पुस्तक निघालं का शेवटी?"

खोटं बोलणं सोपं होतं. लग्नाचं घर होतं, म्हातारा माणूस होता. निघालं म्हटलं असतं तर ते कुठं पडताळायला जाणार होते?

"नाही निघालं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मागून लोक घाई करत होते आणि बाहेर चौसाळ्याच्या पाहुण्यांचा टेंपो सुटत होता. कुणीतरी "अप्पा, चला!" म्हणून ओरडलं. ते गेले. टेंपोत बसायला जागा नव्हती, दाटीवाटीत ते मागच्या फळीशी उभे राहिले. गचका बसला तसा एका पोरसवदा पाहुण्यानं त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवला नाही. टेंपो वेशीच्या बाहेर पडेपर्यंत ते दिसत होते, कुणाच्या तरी हातात दंड देऊन, माझ्या दिशेनं तोंड करून. उन्हानं त्यांचे डोळे बारीक झाले होते. मला ते बघत होते की नुसतेच इकडं तोंड होतं, ते काही मला सांगता येणार नाही.